सुगीच्या दिवसांत घराची राखण

उभे पीक राखण्यात आपला शेतकरी कोणतीही कसूर करीत नाही. रानडुकरांसाठी तो माळ्यावर रात्र काढतो, पाखरांवर गोफण फिरवितो, किडीवर वेळेवर औषध फवारतो. परंतु तेच पीक पोत्यांत भरून घरी आले, अथवा विकून त्याचा पैसा हाती आला, म्हणजे आपले राखणीचे काम संपले असे त्याला वाटते. वस्तुतः वर्षभराच्या कष्टाचे मोल ज्या थोड्या दिवसांत एका छपराखाली गोळा होते, ते हेच दिवस होत. चोरही ह्याच दिवसांची वाट पाहत असतो.

काही वर्षांपूर्वी रब्बीच्या तोंडावर मी एका गावी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेची माहिती देण्यासाठी गेलो होतो. ज्या शेतकऱ्याच्या अंगणात बैठक ठरली होती, त्याच्या घरी आदल्या रात्री घरफोडी झाली होती. सोयाबीन विकून आलेला पैसा बियाणे व खतासाठी कपाटात ठेवला होता. रात्रपाळीची वीज आली म्हणून नवरा-बायको ओलवणीचे पाणी देण्यास शेतावर गेली. म्हातारी आई पुढे ओसरीवर निजली होती. चोर मागच्या दाराने आले. त्या दाराला भक्कम कुलूप होते व ते अखेरपर्यंत बंदच राहिले. चोरांनी पहारीने कोयंडाच चौकटीतून उपटून काढला होता, आणि ती पहारही त्याच घराच्या परसात पडलेली होती. “साहेब, कुलूप तेवढं राहिलं,” एवढेच तो म्हणाला. बियाण्याचा पैसाच गेल्यावर बीजप्रक्रियेचे काय सांगणार? त्या वर्षी त्याने सावकाराकडून पैसे काढून पेरणी केली.

ह्या प्रसंगात घराच्या राखणीचे बहुतेक धडे आले आहेत. ते आपण क्रमाने पाहू.

घर ओस केव्हा पडते?

घरफोडी करणारा शक्यतो माणसांशी गाठ पडू देत नाही. त्याला रिकामे घर व मोकळा वेळ हवा असतो. आपले घर कोणत्या वेळी रिकामे असते, ह्याचा विचार म्हणूनच प्रथम करावा. कापणी-मळणीच्या दिवसांत भर दुपारी सारी गल्ली शेतावर असते. लग्नसराई, यात्रा, आठवड्याचा बाजार व रात्रपाळीचे पाणी ह्या घर ओस पडण्याच्या आणखी वेळा होत. गावापासून दूर, शेतातील वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांना हा धोका अधिक असतो. कारण तेथे हाकेच्या अंतरावर दुसरे घर नसते.

शक्य असेल तेथे दोन शेजाऱ्यांनी पाण्याच्या पाळ्या अशा लावून घ्याव्यात की, एका वेळी दोन्ही घरे रिकामी राहणार नाहीत. परगावी जाताना शेजाऱ्यास सांगून जावे; चावडीवर किंवा मोबाईलवर साऱ्या गावास सांगू नये. किल्ली चौकटीवर, तुळशीवृंदावनात अथवा पायपुसण्याखाली ठेवण्याची सवय मोडावी. ह्या जागा आपल्याइतक्याच चोरालाही ठाऊक असतात.

दार, कोयंडा व मागची बाजू

कुलूप महाग घेतले म्हणजे दार मजबूत झाले असे नव्हे. कुलूप ज्या कोयंड्यात अडकते, कोयंडा ज्या लाकडात बसतो, व ती चौकट ज्या भिंतीत रोवली आहे, ह्यांपैकी जे सर्वांत कच्चे असेल तेवढीच त्या दाराची ताकद असते. आखूड स्क्रूने बसविलेला कोयंडा पहारीच्या एका हिसक्याने निघतो. त्याऐवजी फळीतून व चौकटीतून आरपार जाणारे, बाहेरून गोल डोक्याचे बोल्ट घालून नट आतून आवळावेत. गावातील सुतार हे काम थोड्या वेळात करून देतो. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूस असतील तर त्या बदलून घ्याव्यात.

घरात माणसे असताना रात्रीच्या वेळी जुना लाकडी अडसर आजही उत्तम काम देतो. मागच्या दारास तो अवश्य असावा. पुढच्या दारावर आपण शोभेसाठी खर्च करतो आणि परसदारी पत्र्याचे दार तारेने बांधून ठेवतो, ही रीत उलटी आहे. चोर अंधाराच्या व आडोशाच्या बाजूने येतो. मागच्या भिंतीस टेकून सरपणाची रास किंवा कडब्याची गंजी रचू नये. तिच्यावरून कौलांपर्यंत चढता येते. शिडी, पहार, कुदळ व कुऱ्हाड दिवेलागणीपूर्वी आत घ्यावीत. खिडकीखालचे झुडूप कमरेपेक्षा उंच वाढू देऊ नये. परसात एक सौर दिवा लावल्यास वीज गेली तरी उजेड राहतो. कुत्रा असल्यास त्यास रात्री मागच्या बाजूसही फिरता येईल असे पाहावे.

घरात काय ठेवू नये?

दार कितीही भक्कम केले तरी ते चोराचा वेळ तेवढा खाते. ज्याच्यासाठी तो येतो, ती वस्तूच घरात नसणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. पिकाचा पैसा बँकेतच घ्यावा व लागेल तसा काढावा. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार आग, चोरी, घरफोडी किंवा बँकेच्या नोकरांचा अपहार ह्यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. ही दागिन्यांच्या पूर्ण किमतीची हमी नव्हे. तरीही कपाटापेक्षा ही जागा निश्चितच सुरक्षित आहे.

धान्याच्या बाबतीतही असाच मार्ग आहे. भाव वाढेल ह्या आशेने पोती ओसरीवर रचून ठेवण्यापेक्षा ती गोदामात ठेवावीत. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत राबविली जात आहे. तीत सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालावर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते. आपल्या बाजार समितीत ही सोय चालू आहे किंवा कसे, ह्याची चौकशी सुगीपूर्वीच करावी. ह्यात माल उंदरांपासून व चोरांपासून वाचतो आणि पडत्या भावात विकावाही लागत नाही.

जे घरी ठेवणे भाग आहे त्यावर खूण करावी. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालण्याची जुनी चाल आहे. त्याच चालीने विहिरीवरची मोटार, फवारणीचा पंप व सायकल ह्यांवर छिन्नीने नाव किंवा खुणेचा आकडा कोरून घ्यावा. मोटारीच्या पट्टीवरील क्रमांक वहीत उतरून ठेवावा. जनावरांच्या कानातील बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. तोही त्याच वहीत लिहावा. दागिन्यांच्या पावत्या व छायाचित्रे जपून ठेवावीत. खूण असलेला माल विकणे चोराला अवघड जाते, आणि सापडल्यास तो आपला आहे हे सिद्ध करता येते.

शेजार व गस्त

पूर्वी गावगाड्यात रात्रीची राखण जागल्याकडे असे. ती जन्माने गळ्यात पडलेली चाकरी होती. १९५८ च्या कायद्याने अशी कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर गस्तही संपावी असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ह्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. पोलीस पाटलांच्या विचाराने व पोलीस ठाण्यास कळवून असे दल उभे करता येते. साठ घरांच्या वस्तीत रोज चार घरांतून एकेक माणूस निघाला, तर प्रत्येक घराची पाळी पंधरा दिवसांनी एकदाच येते. हा भार फार नाही. विजेरी, शिटी व नोंदवही एवढे साहित्य पुरे.

मात्र गस्तीचे काम पाहणे, नोंद करणे व कळविणे एवढेच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून भिक्षेकरी भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांचा जमावाने बळी घेतला. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर समजून दोन साधू व त्यांचा वाहनचालक मारले गेले. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा परकीय कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तो आपण गस्तीच्या रूपाने पुन्हा गावात आणू नये. अनोळखी माणूस दिसल्यास त्याची विचारपूस करावी, वाहनाचा क्रमांक टिपावा, संशय राहिल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे. हात उगारू नये.

चोरी झालीच तर

चोर घरात असल्याची चाहूल लागल्यास त्याची पळण्याची वाट अडवू नये. आतून कडी लावून आरडाओरड करावी, शेजाऱ्यास व पोलिसांस फोन करावा. गेलेला पैसा पुढच्या सुगीत मिळविता येईल. चोरी नंतर उघडकीस आल्यास पोलीस येईपर्यंत कपाट, दार अथवा सांडलेल्या वस्तूंना हात लावू नये. नव्या फौजदारी कायद्याप्रमाणे १ जुलै २०२४ पासून हद्दीचा प्रश्न न आणता कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, व तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. आपली वही अशा वेळी उपयोगी पडते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना विनंती आहे की, सुगीपूर्वीच्या सभेत बियाणे व खते ह्यांच्याबरोबर ह्या विषयासही अर्धा तास द्यावा. आणि शेतकरी बंधूंनो, आज दिवस मावळण्यापूर्वी आपल्या घराला बाहेरून एक फेरी घाला. मागच्या दाराचा कोयंडा हाताने हलवून पाहा. तो हलला, तर उद्या सकाळी पहिले काम सुताराकडे जाण्याचे करा.