गुठळी आणि गाठ

२००४ सालच्या पावसाळ्यात इंदूरच्या रामबागेतील एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या मुलाने तातडीने माझ्याकडे आणले. वय ६१. रक्तदाब नाही, मधुमेह नाही, तंबाखू तर दूरच, सुपारीचे खांडही कधी तोंडात टाकले नव्हते. पहाटे नेहरू पार्कात नेमाने फेऱ्या मारणारा हा मनुष्य. त्या दिवशी वर्तमानपत्र उलटताना उजव्या हाताची बोटे ऐकेनाशी झाली आणि 'चहा' हा साधा शब्द काही केल्या ओठांवर येईना. तपासण्या झाल्या. मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ, इको निर्दोष, नाडीत अनियमितपणा नाही. दोन दिवसांत वाचाही बरीचशी परतली. मी अ‍ॅस्पिरिन दिले, कोलेस्टेरॉलची गोळी दिली आणि समाधानाने त्यांना घरी धाडले.

निघताना त्यांच्या पत्नी दाराशी थांबल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, महिना-दीड महिना झाला, यांना पोळी नको वाटते. पँट कमरेवर राहत नाही. रात्री पाठ दुखते म्हणतात."

"काकू, आजाराची धास्ती घेतली असेल. होईल सगळे ठीक," मी म्हणालो.

आजार दोन दिवसांचा आणि भूक गेलेली दीड महिन्यापूर्वी, हा साधा हिशेब त्या क्षणी माझ्या ध्यानात आला नाही.

सोळाव्या दिवशी सरांना डाव्या बाजूचे दिसेनासे झाले. या वेळी एमआरआय केला. मेंदूच्या दोन्ही गोलार्धांत आणि लहान मेंदूतही ताजे ठिपके विखुरलेले होते. एका रक्तवाहिनीच्या दोषाने असे होत नाही. त्यानंतर चार दिवसांनी डावी पोटरी सुजली, तेव्हा कुठे मी पोटाची सोनोग्राफी सांगितली. स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या भागात गाठ होती आणि यकृतात तिची पिले. पहिल्या झटक्यापासून सातव्या आठवड्यात सर गेले.

कर्करोग आणि पक्षाघात यांचे हे नाते वैद्यकाला नवे नव्हते. मलाही ते परीक्षेपुरते पाठ होते. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानांतून सांगितले होते की, ज्याच्या शिरांत कारणावाचून गुठळ्या होतात त्याच्या शरीरात दडलेला कर्करोग शोधावा. (कॅल्शियम कमी झाले असता हात वळण्याची जी खूण आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, तीही याच गृहस्थांची.) नियतीचा क्रूरपणा असा की, १८६७ च्या जानेवारीत त्यांच्या स्वतःच्या हाताच्या शिरेत गुठळी झाली. पोटाच्या तक्रारी आधीपासून होत्याच. आपल्या दुखण्याविषयी आता संशय उरला नाही, असे त्यांनी आपल्या शिष्याला सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. स्वतःचे निदान स्वतःच्याच व्याख्यानातून करणारा हा वैद्य मला सरांच्या मृत्यूनंतर पुष्कळदा आठवत राहिला. त्यांच्याजवळ एमआरआय नव्हता. रुग्णाची हकीकत कान देऊन ऐकण्याची सवय मात्र होती.

त्रूसो यांनी शिरांविषयी जे सांगितले, ते पुढे मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांनाही लागू पडले. काही कर्करोग, विशेषतः स्वादुपिंड, फुप्फुस, जठर व बीजकोश यांतील श्लेष्मा स्रवणारे, रक्तात असे पदार्थ सोडतात की रक्ताचा गोठण्याकडे कल वाढतो. कधी हृदयाच्या झडपांवर जंतुसंसर्गावाचूनच बारीक गुठळ्या चिकटतात आणि तेथून सुटून मेंदूत जातात. छातीवरून केलेल्या इकोत त्या बहुधा दिसत नाहीत, अन्ननलिकेतून इको करावा लागतो. म्हणूनच तो 'निर्दोष इको' मला आज तितकासा निर्दोष वाटत नाही. गाठ मेंदूतच असली तर तीत रक्तस्राव होऊ शकतो. सिस्प्लॅटिन किंवा लहान मुलांच्या रक्तकर्करोगातील अ‍ॅस्परजिनेज यांसारख्या औषधांनीही गुठळ्यांचा धोका वाढतो.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रातून १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करुग्णांची ३४२६ शवविच्छेदने पाहण्यात आली. त्यांपैकी १४.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या खुणा होत्या. त्यातल्या सुमारे निम्म्यांनाच हयातीत लक्षणे जाणवली होती. २०१७ मध्ये अमेरिकेतील वृद्ध रुग्णांच्या मोठ्या पाहणीत असे आढळले की, कर्करोगाचे निदान झाल्यापासून सहा महिन्यांत ३.० टक्के रुग्णांना गुठळीचा पक्षाघात झाला. कर्करोग नसलेल्या तुल्य गटात हे प्रमाण १.६ टक्के होते. वर्षभरानंतर हा फरक बहुतांशी ओसरतो. अर्थात पहिले महिने सर्वांत जोखमीचे.

येथे माझ्या तरुण सहकाऱ्यांना एक विनंती आहे. हे वाचून लकव्याच्या प्रत्येक रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत सीटी सांगू नका. कर्करुग्णालाही पक्षाघात बहुधा आपल्या नेहमीच्याच कारणांनी होतो: रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके, तंबाखू. ज्याच्या पक्षाघाताचे कारण उघड आहे, त्याचा खिसा आणि झोप आपण का हिरावावी? शंका घ्यावी ती मोजक्या ठिकाणी. नेहमीचे कारण सापडत नाही, एमआरआयमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रांत एकाच वेळी ताजे ठिपके आहेत, डी-डायमर फार चढलेले आहे, अ‍ॅस्पिरिन चालू असताना पुन्हा झटका येतो, पायाची शीर सुजते, आणि सर्वांत आधी, घरचे माणूस वजन उतरल्याचे सांगते. यातली शेवटची तपासणी फुकट असते आणि मी नेमकी तीच वाया घालवली.

उपचारांविषयी फार ठामपणे बोलता येत नाही. त्रूसोच्या या विकारात वॉरफरिन पुष्कळदा हात टेकते, हा जुना अनुभव. हेपॅरिनची इंजेक्शने शिरांतील गुठळ्यांसाठी सरस ठरली. पक्षाघातासाठी तसा निर्णायक पुरावा अजून नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवघ्या वीस रुग्णांच्या एका प्राथमिक चाचणीत इंजेक्शनाच्या गटातील दहांपैकी चौघे टोचण्याला कंटाळून अ‍ॅस्पिरिनकडे वळले. रोज पोटात सुई टोचून घेणे म्हणजे काय, हे लिहून देणाऱ्याला ठाऊक नसते.

याची दुसरी बाजू अधिक क्लेशदायक आहे. कर्करोग ठाऊक असलेल्या माणसाला पक्षाघात झाला की घरात एक निःश्वास उठतो: "आता काय करायचे? आधीच कॅन्सर आहे." आणि आपणही कधी कधी त्या निःश्वासात सामील होतो. वास्तविक कर्करोग असणे म्हणजे गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला सरसकट मनाई नव्हे. ज्याचे सहा महिन्यांहून अधिक आयुष्य अपेक्षित आहे आणि ज्याला अन्य अडचण नाही, त्याला ते लाभू शकते, असे अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत २०१८ मध्ये नमूद झाले. मेंदूच्या आत गाठ असेल किंवा आतड्यांचा कर्करोग असेल तर मात्र थांबावे. मोठ्या धमनीतली गुठळी तारेने बाहेर काढण्याचा मार्गही काही रुग्णांत उरतो. स्तनाच्या कर्करोगातून सावरणाऱ्या बाईचा उजवा हात वाचला तर ती पुढली कित्येक वर्षे स्वतःच्या हाताने जेवते. ही गोष्ट लहान नाही.

आता आपल्या माळव्याविषयी. मुखकर्करोग आपल्याकडे परका नाही. तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध संघवी, राव आणि खानोलकर यांनी मुंबईच्या रुग्णांवरून १९५५ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. मध्य प्रदेशने २०१२ च्या एप्रिलमध्ये गुटख्यावर बंदी घातली. तेव्हापासून पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत मिळू लागली, हे पानठेल्यावर उभे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात जाऊन शस्त्रक्रिया आणि मानेवर किरणोपचार करून आलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात आहेत. कर्करोग बरा झाला म्हणून ती निर्धास्त असतात, आपणही असतो. मात्र किरणांनी मानेतल्या धमन्यांचे अस्तर हळूहळू जाड होते आणि वर्षे लोटल्यावर त्या अरुंद होतात. नेदरलँड्समध्ये साठीच्या आतील, मानेवर किरणोपचार घेतलेल्या ३६७ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात पक्षाघाताचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या पाचपटीहून अधिक होता आणि १५ वर्षांत तो १२ टक्क्यांपर्यंत पोहोचला.

मल्हारगंजातील एक कापड व्यापारी असेच अकरा वर्षांपूर्वी गालाच्या कर्करोगातून उठले होते. एके दिवशी खोकल्यासाठी आले. बोलता बोलता म्हणाले, "परवा डाव्या डोळ्यापुढे पडदा आला आणि पाच मिनिटांत गेला, मोतीबिंदू असेल काय?" डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवण्यासाठी मी पेन उचलले होते. मग ते ठेवले आणि स्टेथोस्कोप त्यांच्या मानेवर टेकवला. किरणांनी कातड्यासारख्या झालेल्या त्या त्वचेखाली डावीकडे फुंकर घातल्यासारखा आवाज स्पष्ट येत होता. डॉप्लरमध्ये धमनी ऐंशी टक्के बुजलेली निघाली. किरणांनी चिकटलेल्या मानेत शस्त्रक्रिया अवघड, म्हणून स्टेंट घातला. दर सहा महिन्यांनी ते येतात, दाराशी चपला काढतात आणि खुर्चीत बसण्याआधीच मान वर करतात.

सरांच्या पत्नी वर्षभराने एकदा भेटल्या होत्या, सुनेच्या रक्तदाबासाठी. निघताना म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ते वाचले नसते हे मला कळते. पण आधी कळले असते तर त्यांनी ते दिवस बोटांच्या व्यायामात घालवले नसते. पुण्याला मुलीकडे जाऊन आले असते." स्वरात तक्रार नव्हती. सुनेच्या औषधाची चिठ्ठी त्यांनी नीट घडी करून पिशवीत ठेवली. त्यानंतर पक्षाघाताच्या माझ्या प्रत्येक केसपेपरवर रक्तदाबाच्या खाली आणखी एक ओळ असते: वजन किती उतरले, केव्हापासून, आणि हे कोणी सांगितले.