उन्हात लिंबाचे अत्तर की संत्र्याचे?

१४ एप्रिल असो की बुद्धपौर्णिमा, कळंबमध्ये ऊन कडकच असते. पांढरे कपडे घालून वंदनेला, मिरवणुकीला निघताना अनेकजण लिंबाचे किंवा संत्र्याचे अत्तर लावतात. दोन्ही वास ताजे वाटतात. पण लिंबाच्या सालीचे तेल कातडीवर असताना ऊन लागले, तर फोड येऊ शकतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. अंगाला लिंबू चोळले तरी तेच. संत्र्याच्या तेलात हा धोका फार कमी. म्हणून उन्हात जाताना संत्रा निवडा आणि तोही अंगाऐवजी कपड्याच्या आतल्या बाजूला लावा. लिंबू लागले असेल तर साबणाने धुऊन मगच बाहेर पडा. फोड आल्यास डॉक्टरांना दाखवा. घामाचा वास मात्र अत्तराने जात नाही; त्याला रोजची अंघोळ आणि धुतलेले सुती कपडेच हवेत.