आवाजाने आग विझते. पण कुलूप निघत नाही

शिरवळमध्ये कामगारांच्या एका बैठकीत एका तरुणाने आम्हाला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. दोन विद्यार्थी हातात नळकांड्यासारखे यंत्र धरून उभे आहेत. समोर तव्यात आग भडकली आहे. यंत्रातून घुमणारा आवाज निघतो आणि क्षणात ज्वाळा नाहीशी होते. पाणी नाही, फेस नाही, पूड नाही. तरुणाने विचारले, "साहेब, हे खरं आहे का? खरं असंल तर आपल्या जयंतीच्या डॉल्बीनं गावातली आग विझायला पाहिजे." बैठकीत हशा पिकला. तेव्हा मागे बसलेली, एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगचे काम करणारी बाई उठली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, आमच्या खात्याच्या मागच्या दाराला कुलूप असतंय. माल चोरीला जाईल म्हणत्यात. ते कुलूप या आवाजानं निघंल का?"

हशा तिथेच थांबला. त्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे देत आहोत. पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे, दुसरा कायद्याचा. आमच्या मते दोन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, चित्रफीत खरी आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जॉर्ज मेसन विद्यापीठ आहे. तेथील सेठ रॉबर्टसन आणि व्हिएत ट्रॅन या अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये हे यंत्र तयार करून दाखवले. त्यापूर्वी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेने २००८ पासून आग विझवण्याच्या नव्या मार्गांवर काम केले होते. पेटत्या द्रव इंधनाच्या दोन्ही बाजूंना ध्वनिक्षेपक ठेवून ज्वाळा विझवल्याचे तिने २०१२ मध्ये जाहीर केले. आवाज आणि ज्वाळा यांचे नाते तर त्याहून जुने आहे. जॉन लकाँत या शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये लिहिले की, एका संगीताच्या बैठकीत भिंतीवरची गॅसची ज्योत वाद्याच्या सुरांबरोबर थरथरत होती. बैठकीतल्या इतरांनी संगीत ऐकले, त्याने ज्योत पाहिली आणि ती का थरथरते असा प्रश्न स्वतःला विचारला. विज्ञान असेच सुरू होते.

हे घडते कसे? आग जगण्यासाठी तीन गोष्टी लागतात : जळणारा पदार्थ, प्राणवायू आणि उष्णता. यातील एकीचा हात सुटला की आग मरते. पाणी उष्णता काढून घेते, वाळू किंवा फेस हवा तोडतो. आवाज म्हणजे हवेतील दाबाची लहर. ती हवेला पुढे ढकलते आणि मागे ओढते. हा आवाज खर्जातला असेल, म्हणजे सेकंदाला ३० ते ६० कंपनांचा, तर हवेची प्रत्येक ये-जा लांब पल्ल्याची होते. त्या ये-जा करणाऱ्या हवेने ज्वाळा इंधनाच्या पृष्ठभागावरून सरकते, तिचा थर पातळ होतो, उष्णता विखुरते आणि आग स्वतःला पोसू शकत नाही. त्या विद्यार्थ्यांनी आधी उंच सूर वापरून पाहिले होते. ज्वाळा नुसती थरथरली. खर्जात आल्यावर काम झाले. आपण मेणबत्ती फुंकतो तेव्हाही ज्योत वातीपासून तोडतो. फरक एवढाच की फुंकर एकदाच जाते, हा आवाज सेकंदाला तीस-चाळीस वेळा हवेला हलवतो.

मग जयंतीच्या डॉल्बीत बेस असतोच, छातीवर आदळतोच. त्याने आग का विझत नाही? कारण आवाज मोकळ्यावर पसरतो. अंतर दुप्पट झाले की दाब निम्म्यावर येतो. ध्वनिक्षेपकापासून थोडे दूर गेले की आपल्या छातीला हादरा देणाऱ्या लहरीतसुद्धा हवेची प्रत्यक्ष हालचाल मिलीमीटरच्या अंशाएवढीच उरते. म्हणून त्या विद्यार्थ्यांनी आवाज नळीत कोंडून थेट ज्वाळेच्या बुडाशी नेला, तोही हातभर अंतरावरून. जी आग त्यांनी विझवली ती तव्याएवढी होती. इमारतीची आग स्वतःच हवा खेचते, स्वतःचा वारा तयार करते. तिच्यापुढे या यंत्राची ताकद तोकडी आहे.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची. आवाज ज्वाळा तोडतो, पण इंधन थंड करत नाही. तापलेले तेल, धुमसणारे लाकूड, कापसाची गाठ पुन्हा पेट घेते. शिवाय आवाज नेहमी आगीचा शत्रूच असतो असेही नाही. रॉकेटच्या इंजिनात आवाज आणि ज्वाळा एकमेकांना चेतवतात आणि इंजिन फुटते. अभियंत्यांना त्याविरुद्ध मोठी झुंज द्यावी लागली. म्हणजे हे साधन आज लहान, उघड्या, नुकत्याच लागलेल्या आगीपुरते आहे. जेथे पाण्याने नुकसान होते अशा यंत्रांच्या खोलीत, स्वयंपाकघरातील तेलाच्या आगीवर किंवा अंतराळयानात उद्या त्याचा उपयोग होऊ शकेल. त्याचे स्वागत करावे, पण अग्निशामक बंब भंगारात काढू नये.

येथे आम्हाला वाचकांना एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे. अशा शोधाची बातमी आली की आपल्या देशात एक वर्ग लगेच उठतो आणि सांगतो, "हे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते." तानसेनाने दीपक राग गायला आणि दिवे लागले, मल्हार गायला आणि पाऊस पडला, ही दंतकथा पुरावा म्हणून पुढे केली जाते. २२ मार्च २०२० रोजी देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या, तेव्हा या ध्वनिलहरींनी विषाणू मरतो असे संदेश घरोघरी फिरले. शेवटी केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयालाच ते खोटे असल्याचा खुलासा करावा लागला. 'ध्वनिलहरी' हा शब्द दोन्हीकडे आहे. मग फरक कोठे आहे? विद्यार्थ्यांनी किती कंपने, किती अंतर, कोणते इंधन हे सांगितले आणि कोणीही करून पाहावे असे यंत्र समोर ठेवले. उंच सुरांनी काम होत नाही, हे अपयशही लपवले नाही. थाळीवाल्यांनी काय मोजले? शिरवळजवळची पंधरा लेणी बौद्धांची. त्या जागेला नाव मात्र पांडवदरा पडले. कोरणारे एक आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये सांगितलेला वैज्ञानिक दृष्टिकोन आपण पाठांतरासाठी ठेवू नये, रोज वापरावा.

आता त्या बाईचा प्रश्न.

तिचा कारखाना कोणता हे आम्ही येथे लिहीत नाही. ती रोजंदारीवर आहे आणि नाव छापले तर उद्या तिची चूल बंद होईल. पण तिची भीती कल्पनेतली नाही. ७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात उरवडे येथे रासायनिक कारखान्याला आग लागली आणि १७ कामगारांचा जीव गेला. त्यांत बहुतांश महिला होत्या. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षात दहा बालके गेली. आमच्याच सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यातील मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरी झाली, दुकाने पेटली, गॅसच्या टाक्या फुटल्या आणि अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. ठिकाणे वेगळी, कारणे वेगळी. पण प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न उरतो. बाहेर पडायला वाट होती काय? आग लागल्यावर माणसाच्या हातात काही मिनिटे असतात. तेवढ्या वेळात उघडे दार माणूस वाचवते, मग विझवण्याचे साधन पाण्याचे असो की आवाजाचे.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ३८ ने आगीच्या वेळी सर्व कामगारांना सुटकेचा सुरक्षित मार्ग आणि त्या मार्गाची माहिती व शिक्षण देणे बंधनकारक केले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कायद्याचे नाव बदलले म्हणून दाराची गरज बदलत नाही. आपल्या राज्यात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा स्वतंत्र कायदा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यानुसार जबाबदारी मालकाची किंवा जागा ताब्यात असणाऱ्याची आहे आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे आहे. कागदावर एवढे सगळे असताना कुलूप लागते कसे? कारण मालाची चोरी होईल ही भीती मालकाला रोज वाटते आणि माणूस जळेल ही भीती त्याला वाटत नाही. ठेकेदाराची बाई गेली तर दुसऱ्या दिवशी दुसरी मिळते, हा त्याचा हिशेब आहे.

घटनेच्या रचनेतील एक उणीवही सांगितली पाहिजे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना विषय वाटून दिले. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा सातवा विषय आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत अग्निशमन नाही. म्हणजे शहरातील आग विझवणे हे स्थानिक संस्थेचे काम आणि गावातील आग बाहेरून बंब येईपर्यंत देवाच्या हवाली! पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळ-खंडाळ्याच्या पट्ट्यासारखे उद्योग शेतात उभे राहिले. गावठाणाच्या कडेला, आपल्या वस्तीला खेटून रसायनांची गोदामे आली. कारखाने शहराच्या मापाचे झाले, पण संरक्षण गावाच्या मापाचेच राहिले. ही तफावत दूर करण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आमच्या चळवळीला १४ एप्रिल हा दिवस सांगावा लागत नाही. पण हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात स्फोटके होती. कापूस आत धुमसत राहिला, पाणी मुळापर्यंत पोहोचले नाही आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान ठार झाले. गोदीत आणि आसपासच्या वस्तीत शेकडो लोक मेले. त्या दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षे पूर्ण झाली होती आणि ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कापसाशेजारी स्फोटके ठेवू नयेत हे सांगायला कोणत्या नव्या शोधाची गरज होती? ज्ञान होते, पण ते पाळले गेले नाही. त्या बाईच्या दाराला लागलेले कुलूप त्याच जातीचे आहे.

म्हणून आम्ही बैठकीतल्या तरुणांना सांगितले ते येथे पुन्हा लिहितो. डॉल्बीवर आपण जो पैसा घालतो त्याचा एक हिस्सा या जयंतीला वेगळा काढा. १४ एप्रिलला सकाळी विहारासमोर अग्निशामक दलाच्या जवानांना बोलवा, त्यांचा सत्कार करा आणि त्यांच्याकडून वस्तीतील प्रत्येक बाईला, प्रत्येक पोराला गॅसची आग कशी हाताळायची ते शिकवून घ्या. आठवी-नववीच्या मुलांना ध्वनिक्षेपक, पुठ्ठ्याची नळी आणि मेणबत्ती द्या, शिक्षकांना शेजारी उभे करा आणि कोणत्या सुराला ज्योत विझते ते त्यांना स्वतः मोजू द्या. वर्षभर ज्या बेसने म्हाताऱ्यांची झोप उडवली त्याच बेसचे विज्ञान आपल्या पोरांनी समजून घ्यावे. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून आपल्या परिसरातील कारखान्यांची जानेवारी-जुलैची प्रमाणपत्रे मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आले नाही तर अपील आहे. अर्ज त्या बाईने करू नये, तिची नोकरी जाईल. तो आपण करावा. संघटना याचसाठी असते.

त्या बाईला आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "बाई, त्या आवाजानं कुलूप निघणार नाही. पण तुमच्या आवाजात आमचा आवाज मिसळला तर निघेल." ती म्हणाली, "मग साहेब, अर्ज आजच लिहा." कागद तिथेच मागवला आणि अर्ज लिहिला. खाली अकरा सह्या झाल्या. तिची सही आम्ही घेतली नाही.