नियम सर्वांना सारखा? कार्लाइलच्या फुटबॉल संघाचा १९१२ चा हंगाम



मागच्या व्याख्यानात आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो. नियम सगळ्यांना सारखा लावला, की न्याय झाला का? हा प्रश्न आम्ही वर्गात बरीच वर्षं कान्ट, रॉल्स अशी मोठी नावं घेऊन शिकवला. आज तो एका फुटबॉल संघाच्या एका हंगामातून पाहू. संघ अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला, कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलचा. साल १९१२.

आधी दोन खुलासे. पहिला, इथे 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाच्या चुकीमुळे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना ते नाव चिकटलं. आपण त्यांना मूळनिवासी म्हणू. दुसरा, इथला फुटबॉल अमेरिकन आहे, पायापेक्षा हाताने जास्त खेळायचा. अकरा-अकराचे संघ आणि लंबगोल चेंडू. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी ठरावीक प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा तितकेच प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन. समोरचे अर्थातच अंगावर झेपावतात आणि पाडतात. कबड्डी पाहिलेल्यांना पकड म्हणजे काय ते सांगायला नको.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ फार दांडगा होता. दोन्हीकडची माणसं घोळका करून एकमेकांवर आदळायची. १९०५ च्या हंगामात देशभरात किमान अठरा जण दगावले, अशी त्या काळची मोजणी आहे. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. १९०६ पासून चेंडू हवेतून पुढे फेकायला परवानगी मिळाली. १९१२ मध्ये आणखी बदल झाले. दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न, टचडाउनला पाचऐवजी सहा गुण, मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचं, आणि लांब फेकीवरची वीस यार्डांची मर्यादा रद्द. थोडक्यात, निव्वळ वजनाचा खेळ आता वेगाचा आणि डोक्याचा होऊ लागला. ज्यांच्याकडे वजन कमी आणि चपळाई जास्त, त्यांना दार उघडलं. कार्लाइलचा संघ नेमका तसा होता.

आता ही शाळा कसली होती ते पाहू. ती १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने एका जुन्या छावणीत काढली. देशभरातल्या जमातींमधली मुलं आईबापांपासून शेकडो मैल दूर इथे आणली जात. आल्याबरोबर केस कापायचे, कपडे बदलायचे, नाव बदलून इंग्रजी नाव द्यायचं. आपली भाषा बोलायला बंदी. माणसातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा, असा प्रॅट यांच्या १८९२ च्या भाषणातला गाजलेला आशय आहे. त्यांना आपण या मुलांचे हितचिंतक आहोत असं मनापासून वाटत होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. शाळेच्या दफनभूमीत दीडशेहून जास्त कबरी होत्या. अलीकडच्या वर्षांत त्यातल्या काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवले जात आहेत.

अशा शाळेत फुटबॉल आला कसा? सुरुवातीला मुलं आसपासच्या संघांशी खेळत. एका सामन्यात एका मुलाचा पाय मोडला आणि प्रॅट यांनी बाहेरचे सामने बंद केले. प्रॅट यांनी आठवणींत लिहिलं आहे की, पुढे मुलांचा एक गट त्यांच्याकडे आला आणि पुन्हा खेळू द्या म्हणून त्याने आर्जव केलं. प्रॅट यांनी दोन अटी घातल्या. समोरच्याने मारलं तरी ठोसे मारायचे नाहीत, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत मोठ्या संघांना हरवायचं.

इथे जरा थांबू. या शाळेतलं जवळपास सगळं मुलांवर लादलेलं होतं. नाव, भाषा, कपडे, काम, प्रार्थना, सगळंच. खेळ मात्र त्यांनी मागून घेतला होता. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञांनी १९७८ मध्ये 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की अनावश्यक अडथळे आपणहून पत्करून ते ओलांडायचा प्रयत्न म्हणजे खेळ. कबड्डीत चढाई करताना दम धरायची तशी काय गरज आहे? श्वास घेतला तर आकाश कोसळत नाही. पण आपण तो नियम पत्करतो, म्हणून कबड्डी होते. व्याख्येतला 'आपणहून' हा शब्द महत्त्वाचा आहे. कार्लाइलच्या मुलांनी आपणहून पत्करलेला बहुधा हा एकच नियम होता.

आता हंगामाकडे वळू. प्रशिक्षक होते ग्लेन वॉर्नर, 'पॉप' वॉर्नर म्हणून प्रसिद्ध. संघात ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प होता. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं मिळवली होती. गस वेल्च क्वार्टरबॅक, म्हणजे डावाची सूत्रं हलवणारा. शिवाय जो गायन, अलेक्स अर्कासा, जो बर्गी.

२१ सप्टेंबरला ऑलब्राइट कॉलेजला ५०-७ असं हरवून सुरुवात झाली. पहिल्या चार सामन्यांत मिळून समोरच्यांचे एवढेच सात गुण झाले. ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजने त्यांना ०-० असं रोखलं. आदल्या वर्षी सिरॅक्यूजने त्यांना एका गुणाने हरवलं होतं, त्या हंगामातला तो एकमेव पराभव. त्याच सिरॅक्यूजला यंदा ३३-०. मग पिट्सबर्गला ४५-८. शनिवारी, २६ ऑक्टोबरला राजधानी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनशी सामना, आणि सोमवारी कॅनडात, टोरांटोमध्ये पुढचा. मधल्या वेळात आगगाडी.

हे पाहुणे म्हणून फिरणं हौसेचं नव्हतं. मोठी गर्दी मोठ्या शहरांत, आणि तिकिटांचा पैसा गर्दीत. त्या पैशाची थैली वॉर्नर यांच्या हातात होती. तिचा हिशेब पुढे निघाला. त्याकडे आपण येऊ.

९ नोव्हेंबर १९१२. सामना वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकी सैन्याचे अधिकारी जिथे घडतात त्या अकादमीत. वुंडेड नी इथे अमेरिकी घोडदळाने लाकोटा लोकांची कत्तल केली ती १८९० च्या डिसेंबरात. म्हणजे मध्ये बावीस वर्षंसुद्धा पुरती झाली नव्हती. मैदानावरच्या खेळाडूंच्या आईबापांच्या हयातीतली गोष्ट. सामन्याआधी वॉर्नर यांनी मुलांना याचीच आठवण करून दिली असं सांगतात. समोरच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता. पुढे तो दुसऱ्या महायुद्धातला सेनापती आणि मग राष्ट्राध्यक्ष झाला.

पहिले सहा गुण सैन्याचे. मध्यंतराला कार्लाइल ७-६ असं एका गुणाने पुढे. मध्यंतरानंतर सैन्याच्या कर्णधाराने गायनवर दांडगाई केली आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. कार्लाइलने या सामन्यात 'डबल विंग' नावाची नवी रचना वापरली. दोन धावपटू दोन टोकांना उभे केले, की चेंडू कोण घेणार आणि कुठे जाणार हे समोरच्यांना कळत नाही. शेवटी २७-६. चार टचडाउनचे चोवीस आणि जादा तीन. यात थॉर्पचा एकही टचडाउन नाही. अर्कासाचे तीन, बर्गीचा एक. सैन्याचे खेळाडू थॉर्पवर झडप घालत राहिले आणि चेंडू भलतीकडून गेला. तेव्हा हा एका वीरपुरुषाचा विजय नव्हे, एकत्र डोकं चालवणाऱ्या अकरा जणांचा आहे.

पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना ३४-२६ असं हरवलं. हेही सांगायला हवं, नाहीतर दंतकथा होते. हंगाम २८ नोव्हेंबरला ब्राउन विद्यापीठावर ३२-० अशा विजयाने संपला. चौदा सामने, बारा विजय, एक पराभव, एक बरोबरी, आणि एकूण ५०४ गुण.

इथे गोष्ट संपली असती तर आम्ही व्याख्यानाला हा विषय घेतला नसता.

१९१३ च्या जानेवारीत एका वर्तमानपत्राने छापलं, की थॉर्प १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या लीगमध्ये पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. पदकं काढून घेतली गेली, नाव पुसलं गेलं. तुम्ही म्हणाल, नियम तो नियम. थॉर्पने नियम मोडला होता का? हो, मोडला होता. पण त्याच ऑलिंपिकचा दुसराही एक नियम होता: हरकत स्पर्धेनंतर तीस दिवसांच्या आत घ्यायची. इथे सहा महिने उलटले होते. हा नियम कोणी काढला नाही.

शिवाय उन्हाळ्यात पैशासाठी बेसबॉल खेळणारे कॉलेजकुमार त्या काळी पुष्कळ होते. ते खोट्या नावाने खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, म्हणून सापडला. खुद्द आयझेनहॉवर यांनी आपणही तरुणपणी दुसऱ्या नावाने पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचं सांगितलं, असं १९४५ मध्ये वर्तमानपत्रांत आलं. ९ नोव्हेंबरला समोरासमोर उभे राहिलेले हे दोघे. एक पकडला गेला, दुसऱ्याला कोणी विचारलं नाही.

आता नियमांचे तीन थर वेगळे करू. पहिला, खेळाचा नियम: दहा यार्ड, चार प्रयत्न, सहा गुण. दुसरा, खेळायला पात्र कोण याचा नियम: हौशी कोण, व्यावसायिक कोण. तिसरा कुठे लिहिलेला नसतो: हे नियम कोणावर, कधी आणि किती कसोशीने लावायचे हे कोण ठरवतो. कार्लाइलच्या मुलांना पहिल्या थरावर समानता मिळाली आणि साठ मिनिटांत त्यांनी तिचं सोनं केलं. दुसऱ्या थराचं चित्र संमिश्र आहे. कार्लाइल हे कॉलेज नव्हतंच, त्यामुळे खेळाडूंच्या वयाबाबत आणि वर्षांबाबत त्यांना सूट होती, हे प्रामाणिकपणे मान्य करू. पण 'हौशी' ही कल्पना मुळात ज्यांना पोटासाठी खेळावं लागत नाही अशांनी बनवलेली होती. आणि तिसऱ्या थरावर ही मुलं कुठेच नव्हती. त्यांच्यातले बरेच जण तेव्हा देशाचे नागरिकसुद्धा नव्हते. सर्व मूळनिवाशांना नागरिकत्व देणारा कायदा १९२४ चा.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे. वाचतो: "सर, संघ जिंकला याचा अर्थ शाळेचा हेतू सफल झाला असा नाही का?"

प्रश्न रास्त आहे. शाळेचे चालक हेच म्हणत. २७-६ हा आकडा त्यांच्या लेखी पुरावा होता: पाहा, आम्ही यांना कसं घडवलं. पण त्या मुलांनी काय केलं ते पाहा. पदकांच्या प्रकरणानंतर, शाळेच्या कारभाराची चौकशी व्हावी म्हणून अर्जावर सह्या गोळा करण्यात पुढाकार होता गस वेल्चचा, म्हणजे त्याच संघाच्या क्वार्टरबॅकचा. १९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. फुटबॉलच्या पैशाचे व्यवहार आणि वॉर्नर यांची खेळाडूंशी अरेरावी बाहेर आली. अधीक्षकांना जावं लागलं. वॉर्नर १९१५ मध्ये पिट्सबर्गला गेले. १९१८ मध्ये शाळा बंद झाली. शाळेला हवा होता मुकाट्याने ऐकणारा विद्यार्थी. वेल्च उभा राहिला आणि साक्ष देऊन आला. शाळेच्या मूळ हेतूत हे बसत नव्हतं.

थॉर्प १९५३ मध्ये वारले. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्यांना सहविजेते ठरवलं. त्यात तो तीस दिवसांचा नियम कामी आला. एकमेव विजेते म्हणून त्यांचं नाव लागलं ते जुलै २०२२ मध्ये, स्पर्धेनंतर एकशे दहा वर्षांनी. नियम तोच होता. तो वाचायला कोणी तयार नव्हतं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं आहे. सारखा नियम ही लहान गोष्ट नाही. तो नसता तर २७-६ झालंच नसतं. पण तेवढ्यावर न्याय होत नाही. यापुढे कोणी तुम्हाला म्हणालं की नियम सगळ्यांना सारखा आहे, तर दोन गोष्टी विचारा: तो लावतं कोण, आणि त्याच पुस्तकातला दुसरा कोणता नियम या वेळी कपाटात राहिला?

उरलेल्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी घेऊ.