मार्जाराचा मधुमेह आणि स्वादुपिंडाचा दाह

संस्कृत भाषेनें मांजराला जें नांव दिलें, तें त्याच्या स्वभावाचें अचूक वर्णन आहे. 'मृज्' म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें. या धातूपासून 'मार्जार' हा शब्द साधला आहे. जो सदैव आपलें अंग चाटूनपुसून निर्मळ ठेवतो, तो मार्जार. पुढें मनूनें ढोंगी मनुष्यास 'बैडालव्रतिक' म्हटलें, आणि पंचतंत्र-हितोपदेशांतील कथांनीं या प्राण्याच्या माथीं दांभिकपणाचा शिक्का मारला, ही गोष्ट निराळी. पण धातूंतला मूळ अर्थ आजही गृहिणीच्या उपयोगाचा आहे. ज्या मांजरानें अंग चाटणें सोडलें, ज्याचे केस राठ व विस्कटलेले दिसूं लागले, त्याची प्रकृति बिघडली आहे असें खुशाल समजावें.

आमच्या आटगांवच्या घरीं दहा वर्षांचा एक बोका आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तो वारंवार पाणी पिऊं लागला. खाणें वाढलें, पण अंग मात्र झडूं लागलें. अंगणांत तो जेथें मूत्र करी, तेथें थोड्याच वेळांत मुंग्यांची रांग लागे. पुढें त्याचे मागचे पाय लटके पडून तो टांचा जमिनीस टेकून चालूं लागला. आणि अखेरीस त्यानें खाणेंच टाकलें. डॉक्टरांनीं तपासून एकदम दोन रोगांचीं नांवें सांगितलीं : मधुमेह आणि स्वादुपिंडाचा दाह. "मामंजी, मांजराला कसली हो साखर?" असें आमच्या सूनबाईंनीं आश्चर्यानें विचारलें. हाच प्रश्न पुष्कळ वाचकांच्याही मनांत येईल, म्हणून या विषयाची थोडी सविस्तर चर्चा करावी असें आम्हांस वाटलें.

मुंग्यांची ती रांग आम्हांस अपरिचित नव्हती. चरकसंहितेंत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांतील वातज प्रमेहांपैकीं एक आहे. आणि मूत्राकडे मुंग्या धांवतात हें लक्षणही तेथें नोंदलेलें आहे. मात्र या रोगाचें मूळ ज्या अवयवांत आहे, तो अर्वाचीन शास्त्रानें दाखविला. जठराच्या पाठीमागें असलेलें स्वादुपिंड दोन कामें करतें. अन्न पचविणारे तीव्र रस तें आंतड्यांत सोडतें, आणि इन्शुलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतें. इन्शुलिनवांचून रक्तांतील साखर पेशींना उपयोगीं पडत नाहीं. शरीर भरल्या कोठारांत उपाशी राहतें. साखर मूत्रावाटे वाहूं लागते, तिच्याबरोबर पाणी जातें, म्हणून तहान लागते. लक्षणांची ही सारी सांखळी या एका कारणापासून निघते.

या शोधाचा इतिहास मनोरंजक आहे. १८६९ सालीं पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडांत पेशींचे लहान लहान पुंजके आढळले. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्याला मधुमेह जडला. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन मिळविलें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं एका चौदा वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. ज्या मुक्या प्राण्यांच्या देहांवर ही विद्या सिद्ध झाली, त्यांच्याच उपयोगाला ती आज येत आहे. हें एका जुन्या ऋणाची फेड म्हटली पाहिजे.

आतां या दोन रोगांचा परस्परसंबंध पाहूं. दाह म्हणजे स्वादुपिंडाचे पाचक रस आंतल्या आंत जागृत होऊन त्या पिंडालाच पोळूं लागणें. त्यांत इन्शुलिन उत्पन्न करणाऱ्या पेशीही सांपडतात. उलट मधुमेही मांजरांपैकीं पुष्कळांच्या स्वादुपिंडांत दाहाच्या खुणा दिसतात. शिवाय मांजराच्या शरीराची एक विशेष रचना आहे : स्वादुपिंडाची नलिका आंतड्यांत उघडण्यापूर्वींच पित्तनलिकेस मिळते. त्यामुळें स्वादुपिंड, यकृत व आंतडें या तिघांचा दाह पुष्कळदां जोडीनें चालतो. मधुमेहास अनुकूल अशीं इतरही कारणें आहेत. त्यांत लठ्ठपणा हें मुख्य होय. उतार वय, खच्ची केलेला घरबशा बोका, आणि दीर्घकाळ दिलेलीं स्टिरॉइड औषधें यांचाही त्यांत वांटा असतो.

निदान करतांना एक अडचण पडते. मांजर भ्यालें, कीं निरोगी असूनही त्याच्या रक्तांतील साखर चढते. टोपलींत कोंडून आगगाडीनें नेलेल्या मांजराची साखर एकदां वाढलेली आढळली, म्हणून तेवढ्यावर निर्णय देतां येत नाहीं. याकरितां फ्रुक्टोसामिन नांवाची तपासणी करतात. तिच्यावरून मागील दोन-तीन आठवड्यांतील साखरेचें सरासरी मान कळतें. स्वादुपिंडाच्या दाहाचें निदान याहून कठीण. कुत्रा ओकतो, कण्हतो. मांजर मात्र बहुधा नुसतें कोपऱ्यांत बसून राहतें व अन्नाकडे पाठ फिरवितें. पुष्कळांना ओकारीही होत नाहीं. तेव्हां रक्तांतील विशिष्ट लायपेजची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी या दोहोंचा आधार घ्यावा लागतो.

शहापूर-मुरबाडकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांचें मुख्य काम गाई, म्हशी व शेळ्या यांचें असतें. अशा तपासण्यांसाठीं बहुधा कल्याण-ठाण्याकडे किंवा मुंबईस जावें लागतें. परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय व बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. २०२४ सालीं महालक्ष्मी येथें टाटा न्यासाचें लहान प्राण्यांचें रुग्णालयही सुरू झालें. आटगांवाहून दादरपर्यंत लोकलनें सुमारें दोन तास लागतात. आजारी मांजरास एवढा प्रवास घडवावयाचा, तर गर्दीची वेळ टाळावी, टोपलीवर सुती कापड घालावें, आणि सर्व तपासण्या एकाच खेपेंत होतील अशी व्यवस्था आधीं विचारून करावी.

उपचारांत पहिलें स्थान इन्शुलिनचें. मांजराला तें बहुधा दर बारा तासांनीं कातडीखालीं टोंचावें लागतें. सुई केसासारखी बारीक असते. मांजर खाण्यांत दंग असतां त्याला ती कळतही नाहीं. जीं घरें पिढ्यान्‌पिढ्या प्रातःसंध्या व सायंसंध्या यांचा काळ पाळीत आलीं, त्यांना सकाळ-सायंकाळचा हा नेम जड जाऊं नये. मात्रा डॉक्टरांनीं ठरवावी. आरंभीं ती बहुधा अर्धा ते एक युनिट इतकी अल्प असते, आणि तिच्यांत घाईनें वाढ करावयाची नसते.

येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. आपल्याकडे औषधांच्या दुकानांत दोन प्रकारचें इन्शुलिन मिळतें. एकाच्या मिलिलिटरांत ४० युनिटें असतात, दुसऱ्याच्या मिलिलिटरांत १००. दोहोंच्या सिरिंजही निरनिराळ्या असतात. शंभरी इन्शुलिन चाळिशी सिरिंजमध्यें एका रेघेपर्यंत भरलें, तर एका युनिटाच्या ठिकाणीं अडीच युनिटें पोटांत जातात. लहानशा मांजराला एवढा फरक प्राणघातक होऊं शकतो. म्हणून कुपीवरील आंकडा व सिरिंजवरील आंकडा रोज ताडून पाहावा. इन्शुलिन थंड जागीं ठेवावें, परंतु गोठूं देऊं नये. चैत्र-वैशाखांत वीज जाते तेव्हां कुपी घट्ट झांकणाच्या डब्यांत घालून, ओल्या वाळूंत बसविलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवावी.

आतां आहाराचा प्रश्न, जो आमच्यासारख्या घरांत सर्वांत नाजूक. आपल्याकडे मांजर म्हटलें कीं दूधभात, ही समजूत पक्की आहे. परंतु निसर्गतः मांजर हें निव्वळ मांसाहारी आहे. त्याच्या लाळेंत पिष्ट पचविणारें द्रव्य नसतें, आणि यकृताची साखर हाताळण्याची शक्ति अल्प असते. टॉरीन नांवाचें द्रव्य त्याला मांसांतूनच मिळवावें लागतें. तें न मिळाल्यास दृष्टिपटल झिजतें हें १९७५ सालीं, व हृदय दुर्बळ होतें हें १९८७ सालीं सिद्ध झालें. दूधभातानेंच मधुमेह होतो असें म्हणणें शास्त्रास धरून होणार नाहीं. पण मधुमेही मांजराला भात, पोळी, बिस्किटें व गोड दूध हीं अपायकारक होत, यांत शंका नाहीं. बाजारी कोरड्या दाण्यांतही पिष्ट पुष्कळ असतें. त्यापेक्षां मांसमिश्रित ओला आहार बरा.

मग शाकाहारी गृहस्थानें काय करावें? आमचें मत असें : व्रत हें ज्याचें त्यानें घ्यावयाचें असतें, तें दुसऱ्यावर, आणि तेंही बोलतां न येणाऱ्या जीवावर लादतां येत नाहीं. ज्याला आपण दाराशीं आश्रय दिला, त्याला त्याच्या प्रकृतीस योग्य तें अन्न देणें हाच आश्रयदात्याचा धर्म. बंद पाकिटांतील तयार आहार आणावा, ताटली निराळी ठेवावी, मागच्या पडवींत वाढावें. स्वयंपाकघराचे नियम त्यानें मोडत नाहींत. मात्र एक सांभाळावें. इन्शुलिन चालू असतां आहारांतील पिष्ट एकाएकीं कमी केलें, तर इन्शुलिनची गरजही झपाट्यानें उतरते, आणि कालची मात्रा आज अतिरिक्त ठरते. म्हणून आहारांत बदल करावयाचा तो डॉक्टरांस कळवूनच.

दोन रोग एकत्र आले म्हणजे खरा पेंच पडतो तो येथेंच. मधुमेह सांगतो, अन्न द्या व इन्शुलिन टोंचा. दाह अन्नावरची वासनाच नाहींशी करतो. पूर्वीं दाह झाल्यास लंघन सांगत. मांजराच्या बाबतींत तें मत आतां सोडलें गेलें आहे. लठ्ठ मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलें, तर त्याच्या यकृतांत चरबी सांचून जिवावर बेततें. म्हणून ओकारी थांबविणारें औषध, वेदनाशामक औषध व सलाईन देऊन त्याला लवकर खावयास लावणें, हीच आजची चिकित्सा होय. त्या दिवसांत पथ्याचा आग्रह धरूं नये. जें खाईल तें द्यावें. आणि मांजर जेवलें नाहीं, तर नेहमींची पूर्ण मात्रा टोंचूं नये. परंतु आपल्याच मनानें इन्शुलिन दिवसेंदिवस बंदही ठेवूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांस विचारावें. अमेरिकेंत २०२२ सालापासून मांजरांसाठीं पोटांत घेण्याचीं नवीं औषधें मान्य झालीं आहेत. परंतु दाह असलेल्या किंवा न खाणाऱ्या मांजराला तीं धोक्याचीं असतात, हें ध्यानांत ठेवावें.

दोन संकटें घरांतल्या प्रत्येकाला ओळखतां आलीं पाहिजेत. साखर फार उतरली, तर मांजर झोकांड्या देतें, निस्तेज होतें, क्वचित् आंचके देतें. अशा वेळीं हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचें दाट पाणी चोळावें. शुद्धीवर येतांच खाऊं घालावें व तत्काळ डॉक्टर गांठावा. आंचके येत असतां तोंडांत कांहीं ओतूं नये. दुसरें संकट उलट प्रकारचें. इन्शुलिनच्या अभावीं शरीर चरबी जाळूं लागतें व कीटोन नांवाचीं विषारी द्रव्यें सांचतात. मांजर मलूल पडतें, ओकतें, खोल श्वास घेतें, तोंडाला गोडसर दर्प येतो. याला घरगुती उपाय नाहीं; रुग्णालय हाच एक मार्ग. आणि ताप किंवा वेदना दिसली म्हणून घरांतील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कदापि देऊं नये. तिचा लहानसा तुकडाही त्याला विषासमान होतो. कांदा व लसूणही तसेच वर्ज्य.

आम्ही एक वही घातली आहे. तींत तारीख, वेळ, मात्रा, किती खाल्लें, किती पाणी प्यालें व दर आठवड्याचें वजन लिहितों. कानाच्या कडेवरून रक्ताचा थेंब काढून साखर मोजण्याचें काम नातवानें अंगावर घेतलें आहे. माणसांच्या यंत्रावर मांजराची साखर खऱ्याहून थोडी कमी दिसते, हें डॉक्टरांनीं त्याला बजावून ठेवलें आहे. अशी वही म्हणजे डॉक्टरांच्या हातांतील दिवाच होय. तिच्यावांचून मात्रा ठरविणें म्हणजे अंधारांत चांचपडणें.

शेवटीं खर्चाचा आणि मनाचा प्रश्न उरतोच. उपचार लवकर सुरू झाल्यास कांहीं मांजरांचें इन्शुलिन थोड्या महिन्यांत सुटतें. कांहींना तें जन्मभर लागतें. दाह मात्र पुनःपुन्हा डोकें वर काढूं शकतो. ज्या कुटुंबाला हा भार झेपत नाहीं, त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. पण भार झेपत असतां केवळ 'मांजरच तें' म्हणून हात झटकणें, हें मात्र आम्हांस योग्य वाटत नाहीं. डॉक्टरांशीं मोकळेपणानें बोलावें, आपली ऐपत सांगावी, दुःख कमी होईल एवढी व्यवस्था तरी निश्चित करावी. आणि ज्यांच्या घरचें मांजर आज धडधाकट आहे, त्यांनीं त्याला वर्षांतून एकदां वजनकांट्यावर अवश्य ठेवावें. लठ्ठ मांजर ही घराची शोभा नव्हे. ती पुढील दुखण्याची पूर्वसूचना आहे.