जुनी मोटारसायकल, नवें इंजिन

माझे एक स्नेही परवां माझ्याकडे आले होते. त्यांच्या वडिलांची मोटारसायकल आज कित्येक वर्षें घराच्या जिन्याखालीं उभी आहे. सांगाडा धड आहे, चाकें धड आहेत. पण इंजिनाचा जीव गेला आहे. एका कारागिरानें त्यांना सुचविलें कीं, अपघातांत मोडलेल्या एका नव्या गाडीचें इंजिन मिळत आहे, तें हिच्यांत बसवूं. गाडी पूर्वीपेक्षां कितीतरी वेगानें पळेल. "बसवूं कां?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. परंतु तो दिसतो तितका सोपा नाहीं. म्हणून आज त्याचाच विचार करूं.

या उद्योगाचें सर्वांत नांवाजलेलें उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. नॉर्टन कंपनीनें १९५० सालीं आपल्या शर्यतीच्या गाडीला एक नवा सांगाडा दिला. तो बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस याच्या कल्पनेंतून निघाला होता. पोलादी नळ्यांचे दोन पुरे वेढे पुढें हँडलापाशीं एकमेकांस जोडलेले, आणि मागचें चाक स्प्रिंगांवर वरखालीं झुलणाऱ्या दुबाह्यांत धरलेलें, अशी त्याची रचना होती. त्याच वर्षीं आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर शर्यत जेफ ड्यूक यानें या गाडीवर जिंकली. हॅरल्ड डॅनिएल या स्वारानें, हिच्यावर बसलें म्हणजे पिसांच्या गादीवर बसल्यासारखें वाटतें, असा शेरा दिला; आणि 'फेदरबेड' हेंच त्या सांगाड्याचें नांव पडलें.

तिकडे ट्रायंफ कंपनीपाशीं एडवर्ड टर्नर यानें १९३७ सालीं पुढें आणलेलें जोडसिलिंडरी इंजिन होतें. तें वाढत वाढत १९५९ च्या बॉनव्हिल गाडींत ६४९ घन सेंटिमीटरचें व दोन कार्ब्युरेटरांचें झालें. त्या गाडीचा सांगाडा मात्र नॉर्टनच्या तोडीचा नव्हता. एकाच्या घरीं उत्तम गाडा, दुसऱ्याच्या घरीं उत्तम बैल! हौशी कारागिरांनीं दोहोंची गांठ घालून दिली आणि त्या जोडगाडीला 'ट्रायटन' असें जोडनांव दिलें. सांगाडेहि मिळत असत. कारण लहान शर्यती मोटारी बांधणारे लोक नॉर्टनची मँक्स गाडी सबंध विकत घेऊन तिचें इंजिन तेवढें काढून घेत, आणि रिकामा सांगाडा मागें उरे.

आतां ही गांठ कशी घालतात तें पाहूं. नॉर्टनच्या सांगाड्यांतील भोंकें ट्रायंफच्या इंजिनाच्या कानांशीं जुळत नाहींत. म्हणून धातूच्या जाड पट्ट्या कापून मध्यें घालतात व त्यांवर इंजिन टेकवितात. पट्टी कापणें अवघड नाहीं. तींत भोंक नेमकें कोठें पाडावयाचें हें अवघड. या गाडींत साखळ्या दोन असतात : पहिली इंजिनाकडून क्लचकडे, दुसरी गिअरपेटीकडून मागल्या चाकाकडे. प्रत्येक साखळीचीं दोन्ही दांतेरी चक्रें एका सरळ रेषेंत आलीं पाहिजेत. सुताभर फरक राहिला तरी साखळी एका अंगास ओढली जाते, दांत झिजतात, आणि एखाद्या दिवशीं भर वेगांत ती तुटते. तुटलेली साखळी चाकांत गुंतली म्हणजे स्वाराची काय गत होईल, हें सांगावयास नको.

दुसरी अडचण थरथरीची. या इंजिनांतील दोन्ही दट्टे एकाच वेळीं वर जातात व एकाच वेळीं खालीं येतात. त्यामुळें उत्पन्न होणारा हादरा पुरता नाहींसा करतां येत नाहीं. मूळ गाडींत कारखानदारानें इंजिन व सांगाडा यांचा मेळ पाहिलेला असतो. सांगाडा बदलला कीं थरथर निराळ्या वेगाला, निराळ्या ठिकाणीं उमटते. नट सैल होतात, टांकीला चीर जाते. म्हणून इंजिनाच्या डोक्यापासून सांगाड्यापर्यंत एक आधारहि घालावा लागतो.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. धांवत्या गाडींतील शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ६० किलोमीटरांवरून ९० वर गेलों तर वेग दीडपट झाला; पण गाडी थांबवितांना ब्रेकाला जी शक्ति गिळावी लागते ती सव्वादोनपट झाली. ही सारी शक्ति उष्णता होऊन ब्रेकाच्या ड्रममध्यें उतरते, आणि ड्रम फार तापला कीं त्याची पकड ढिली होते. जुनी गाडी ज्यानें बांधली त्यानें तिला ब्रेक दिला तो जुन्या इंजिनाचा वेग पाहून. नवें इंजिन बसवून ब्रेक तोच ठेवणें म्हणजे कर्ज काढावयाचें आणि फेडीची तरतूद करावयाची नाहीं, असें आहे.

ट्रायटनच्या यशाचें मर्महि हेंच. तेथें जोरदार इंजिन कमकुवत सांगाड्यांत गेलें नाहीं. तें शर्यतीच्या कसोटीस उतरलेल्या सांगाड्यांत गेलें. म्हणूनच १९६५ सालीं बार्सिलोना येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डेव्ह डेगन्स व रेक्स बुचर यांची ट्रायटन पहिली आली. एक फेरी वेगानें मारणें निराळें आणि एक अहोरात्र टिकणें निराळें.

आपल्या देशांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. गाडीच्या नोंदणीपत्रावर सांगाड्याचा व इंजिनाचा असे दोन्ही क्रमांक असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडींत मनास येईल तो फेरफार करण्यास बंदी आहे. इंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची संमति लागते. कागद जुना आणि इंजिन परकें, अशी गाडी चोरीची नसूनहि चोरीची ठरावयाची.

माझ्या स्नेह्यांना मीं इतकेंच म्हटलें कीं, इंजिन बसेल काय, हें कारागिराला विचारूं नका. पट्ट्या कापून तो कांहींहि बसवील. बसविल्यावर गाडी थांबेल काय, हें विचारा. त्यांनीं थोडा विचार केला. मग जुन्याच इंजिनाचें सिलिंडर घांसून, नवा दट्ट्या व नवीं बेअरिंगें घालून काय खर्च येईल, याची चौकशी करण्यास ते निघून गेले. वडिलांची गाडी वडिलांच्याच चालीनें चालली, तर तींत उणें तें काय?