गस्त कुठे हवी, हे पोलिसांना कोण सांगणार?

बचत गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते, “आमच्याकडे पोलिसांची गाडी फिरकतच नाही.” पण नुसती गाडी फिरली म्हणजे चोऱ्या आणि छेडछाड थांबते का?

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी १९७२-७३ मध्ये हे वर्षभर तपासलं. काही भागांत गस्त बंद केली, फोन आला तरच जायचं. काही भागांत ती दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांत फारसा फरक पडला नाही. पुढे मिनियापोलिस शहरात वेगळीच गोष्ट दिसली. पोलिसांना येणारे निम्मे फोन शंभरातल्या जेमतेम ३ ठिकाणांहून येत होते. अशा ठिकाणी पोलीस पुन्हा पुन्हा जाऊन थांबू लागले, तेव्हा फोन कमी झाले. एका वेळी १०-१५ मिनिटं थांबलं, तर पोलीस गेल्यावरही काही वेळ वचक राहतो.

म्हणजे गस्त नेमक्या जागी, नेमक्या वेळी हवी. ती जागा पोलिसांना कळते तक्रारींवरून. आपण काय करतो? नवीन जालन्यात बाजाराच्या गर्दीत मंगळसूत्र ओढलं, तर “जाऊ दे, कोण ठाण्याच्या पायऱ्या चढणार” म्हणतो. टवाळ पोरं वाटेत उभी राहतात, म्हणून मुलीचाच क्लास बंद करतो. मुलगी घरी बसते, पोरं तिथेच राहतात, आणि पोलिसांच्या नोंदीत ती जागा शांत दिसते.

म्हणून गटाच्या वहीत एक पान राखून ठेवा. जागा, वार, वेळ आणि काय घडलं, एवढंच लिहा. बंद पडलेला दिवाही लिहा. महिन्याला चौघी-पाचजणी मिळून ते पान आपल्या बीट अंमलदाराला किंवा गावच्या पोलीस पाटलांना द्या. लेखी अर्ज असेल तर पोच घ्या. प्रसंग घडत असेल, तर लगेच ११२ लावा. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते.

एक मात्र सांभाळा. अनोळखी माणूस दिसला, तर कळवा, पण हात उचलू नका. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. आपलं काम खबर देण्याचं.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की ते पान उघडा.